जूनपर्यंत थांबलेलं दुखणं

हेमचंद्र कुरणे एकाच कारखान्यात एकोणीस वर्षं काम करत होता आणि तेवढ्या काळात त्याला पाच वेळा नवीन माणूस म्हणून कामावर घेण्यात आलं होतं. हे वाचून कुणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. हेमचंद्रलाही पहिल्या दोन वेळा आलं होतं.

प्रकार असा, की दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तो स्पेअर पार्ट्सचा स्टोअरकीपर होता, पण कारखान्याचा नोकर नव्हता. तो होता माणसं पुरवणाऱ्या सप्लाय कंपनीचा. कारखाना दर तीन-चार वर्षांनी टेंडर काढी, जुनी सप्लाय कंपनी जाई, नवी येई आणि माणसं तीच राहत. त्याच बसनं यायचं, त्याच गेटातून आत शिरायचं, त्याच मोडक्या खुर्चीवर बसायचं. बदलायचा तो शर्टाचा रंग आणि छातीवरचा बिल्ला. निळ्याचा करडा झाला, करड्याचा हिरवा झाला. नव्या कंपनीच्या लेखी मात्र हा गृहस्थ कालच जन्माला आलेला. मग त्याला सहा महिने प्रोबेशन, सहा महिने सुट्टी नाही आणि सेफ्टीचं इंडक्शन पहिल्यापासून.

पाचव्या वेळी तर या लोकांनी ताळतंत्रच सोडलं. विशीतल्या पोरांच्या रांगेत हेमचंद्रला बाकावर बसवलं आणि जड खोकं पाठ न वाकवता कसं उचलावं याची फिल्म लावली. फिल्ममधला खोकं उचलणारा माणूस हेमचंद्रच होता. बऱ्याच वर्षांपूर्वी, डोक्यावर केस शिल्लक असताना, कारखान्यानंच ती त्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. फिल्म संपल्यावर सगळ्यांची तोंडी परीक्षा झाली आणि खोकं उचलण्याच्या प्रश्नावर त्याचं उत्तर अर्धवट आहे असं त्याला ऐकवण्यात आलं. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याची बायको उर्मिला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तो हसला नाही. जेवलाही नाही नीट.

त्याचा राग हा असा थराथरानं साठलेला होता. कारखान्यात 'यस सर' आणि 'ओके सर' म्हणून गिळलेला सगळा तो शारजाला घरी घेऊन यायचा आणि गिझरवर, टीव्हीच्या रिमोटवर, लिफ्टमध्ये बटण दाबून धरणाऱ्या शेजाऱ्यावर काढायचा. उर्मिला म्हणायची, 'अहो, जिथं चिडायचं तिथं चिडा की कधीतरी.' तो म्हणायचा, 'तिथं चिडलो तर इथं रिमोट तरी राहील का हातात?' आणि यात खोटं काही नव्हतं. त्याची नोकरी म्हणजे त्याचा व्हिसा, त्याच्या व्हिसावर तिचा व्हिसा, आणि त्या दोन्हींवर उभं होतं शारजाच्या रोल्ला भागातलं त्यांचं एका बेडरूमचं घर. साठी उलटल्यावर माणसाला ठेवायचं की नाही हा सर्वस्वी कंपनीच्या मर्जीचा मामला झाला होता, आणि हेमचंद्रला एकसष्ट पूर्ण होऊन गेली होती.

मुलगी ईशानी, हेमचंद्र या कारखान्यात लागण्याआधीच, इथं जन्मली, इथंच शिकली आणि आता दुबईत अल बर्शामध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहून नोकरी करत होती. शनिवार-रविवारी ती घरी यायची. आईवडील मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि तिघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तर फेब्रुवारीत उर्मिलाला रक्त दिसलं. पाळी बंद होऊन सहा-सात वर्षं झालेली बाई. तिनं पहिले काही दिवस कुणाला सांगितलंच नाही. मग शेजारच्या हव्वाबीला सांगितलं. हव्वाबी खेडकडची, वयानं मोठी, आणि रोल्लाच्या त्या इमारतीत उर्मिलाला बहिणीसारखी. तिनं हाताला धरून तिला क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या बाई डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि सांगितलं, गर्भपिशवीचं अस्तर जाड झालं आहे, तुकडा काढून तपासायला हवा, पिशवी काढावी लागण्याची शक्यता आहे, लांबवू नका.

उर्मिलानं त्या संध्याकाळी हेमचंद्रला सांगितलं. हेमचंद्रनं उठून कॅलेंडरची पानं उलटली. मग हेमचंद्र म्हणाला, "जूनमध्ये मिरजेला करू."

"मीही तेच म्हणणार होते," उर्मिला म्हणाली.

आता हे ज्याला कळणार नाही त्याला उलगडून सांगायला हवं. आखातातल्या आपल्या माणसांची दुखणी जूनमध्ये असतात. दात मार्चमध्ये दुखायला लागतो, त्याला जूनपर्यंत लवंगेवर ठेवायचं. मोतीबिंदू जूनमध्ये, हर्निया जूनमध्ये, मूळव्याध तर हमखास जूनमध्ये. वर्षभराची सगळी दुरुस्ती त्या एका महिन्याच्या सुट्टीत, दोन लग्नं आणि एक वास्तुशांत यांच्या मधल्या फटीत उरकायची. तिथं आपली भाषा बोलणारा डॉक्टर असतो, डबा घेऊन येणारी जाऊ असते, रात्री उशाशी बसणारी भाची असते. आणि मिरज म्हणजे तर काय, गल्लीगल्लीत दवाखाने. कुरण्यांचं घरच तिथलं. ऑपरेशन करायचं आणि ते शारजात, परक्या गावी, घरचं कुणी नसताना, ही कल्पनाच हेमचंद्रला चमत्कारिक वाटत होती. शरीरालासुद्धा सुट्टीचा अर्ज मंजूर होईपर्यंत थांबता आलं पाहिजे, अशी सवय या माणसांनी स्वतःला लावून घेतली होती.

दुसरं कारण मोठ्यानं बोलायचं नव्हतं. कंपनीनं दिलेलं विम्याचं कार्ड होतं, त्यात बायकोही होती, पण ते वापरायचं सर्दी-तापाला. मोठ्या आजाराला कार्ड लावलं की नाव वर जातं, आणि टेंडर बदलताना त्या नावाचा माणूस गळतो, हे स्टोअरपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मालेगावच्या फहदभाईचं उदाहरण सगळ्यांसमोर होतं. फहदभाई फोर्कलिफ्ट चालवायचा. त्यानं कार्डावर अँजिओप्लास्टी केली आणि पुढच्या टेंडरला त्याचं नाव यादीत आलं नाही. झालं. तेव्हापासून शुगरवाल्यांनी गोळ्या गावाहून मागवायला सुरुवात केली. कुणी सुट्टीवरून परत येणार असलं की त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा दुसऱ्यांची औषधं जास्त. हेमचंद्रची ब्लडप्रेशरची गोळीही अशीच यायची, मिरजेहून, कुणाच्या ना कुणाच्या मोज्यांत गुंडाळून.

उर्मिलाला याचा अभिमान होता. 'आपण कार्डाला कधी डाग लावला नाही,' असं ती हव्वाबीला सांगायची.

जूनची तिकिटं निघाली. मिरजेच्या डॉक्टरांशी भावजयीनं बोलून ठेवलं. आणि मेच्या मध्यात कँटीनमध्ये सगळ्या कंत्राटी माणसांना एकत्र बसवून सांगण्यात आलं, की टेंडर बदललं आहे. एक जुलैपासून नवी सप्लाय कंपनी. जूनमध्ये सगळ्यांचे जुने व्हिसा रद्द होऊन नवे लागतील, सबब कुणीही देशाबाहेर जायचं नाही. कुटुंबांचे व्हिसाही त्याच सुमारास बदलायचे, तेव्हा त्यांनीही इथंच राहायचं. मंजूर झालेल्या सुट्ट्या रद्द. त्यानंतर नव्या कंपनीच्या नियमानं सहा महिने प्रोबेशन.

हेमचंद्र उठून उभा राहिला. "सर, मेरा लीव्ह अप्रूव्ह्ड है. मार्च में अप्रूव्ह हुआ."

समोर बसला होता तहा, जुन्या कंपनीचा एचआरवाला. पस्तिशीचा, अंगानं भरलेला, कुणाशी वाकडं न बोलणारा. तो म्हणाला, "अंकल, वो अप्रूव्हल पुरानी कंपनी का था. अब नयी वाली से पूछना पडेगा. आपका तो साठ के ऊपर का केस है, अभी मत पूछो. मेरी मानो."

हेमचंद्र बसला. एकोणीस वर्षं तो असाच बसत आला होता.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा उर्मिला कढीपत्ता निवडत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि परत चालू झाला. "मग जानेवारीत करू," ती म्हणाली. घराला रंग द्यायचा पुढं ढकलावा तशी. खरं सांगायचं तर हेमचंद्रला हायसं वाटलं. तिनं रडायला हवं होतं, भांडायला हवं होतं, पण ती तसं काही करत नाही म्हणजे एवढं काही नसावं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. नवरे अशी समजूत फार लवकर घालून घेतात. त्या संध्याकाळी त्यानं सगळा राग एअरलाइनच्या हेल्पलाइनवर काढला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हव्वाबीनं त्याला जिन्यात गाठलं. लिफ्ट बंद होती आणि ती तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर दम खात बसली होती. निदान त्याला तसं वाटलं. ती त्याचीच वाट बघत होती.

"हेमचंद्रभाई, तुमच्या बायकोला आज चक्कर आली. न्हाणीत. मी होते म्हणून."

"मला काही बोलली नाही ती."

"तुम्हाला कशी बोलेल? तीन महिने झाले, तुम्ही कामावर गेलात की रोज ती चादर धुते. तुम्ही यायच्या आत वाळवून पुन्हा घालते. मला शपथ घातलेली आहे, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून." हव्वाबी कठड्याला धरून उठली. "ती मी मोडली. अल्ला मला माफ करील. तुम्हाला कोण करणार ते तुम्ही बघा."

हेमचंद्र उरलेले जिने कसे चढला ते त्याला आठवत नाही. दार उघडून तो सरळ बेडरूममध्ये गेला, चादर ओढून काढली, गादी पाहिली आणि तिथंच उभा राहिला. उर्मिला दारात आली. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता, आणि तो किती दिवसांपासून नव्हता हे त्याला सांगता आलं नसतं, कारण त्यानं पाहिलंच नव्हतं.

"काय चाललंय हे?" तो ओरडला. "मी काय मेलो होतो?"

"तुमची नव्या कंपनीत सही होऊ दे आधी," ती शांतपणे म्हणाली. "साठीनंतर तुम्हाला कोण उभं करतंय दारात?"

"सही गेली खड्ड्यात."

"आता म्हणाल. उद्या माझ्यापायी नोकरी गेली की जन्मभर ऐकवाल मला. मला ओळखत नाही का मी तुम्हाला?"

हे तिला बोलायचं होतं एक आणि आलं भलतंच, पण दोघांनाही अर्थ कळला, आणि हेमचंद्रला तो फार लागला. लागला, कारण ते अगदी बरोबर होतं. गिझर बिघडला तरी तो तिला ऐकवायचा. तो आणखी मोठ्यानं ओरडला. काय ओरडला त्याला अर्थ नव्हता. शनिवारी ईशानी आली तेव्हा घरात दोन दिवसांचा अबोला होता आणि तिला सगळं हव्वाबीकडून आधीच कळलं होतं.

ती चपला न काढताच आत आली. "आई, यू आर ब्लीडिंग सिन्स फेब्रुवारी अँड यू आर वेटिंग फॉर लीव्ह?"

"मोठ्यानं बोलू नकोस गं," उर्मिला म्हणाली.

"व्हाय डू यू गाइज सेव्ह एव्हरीथिंग फॉर मिरज? टीथ, ओके. ग्लासेस, ओके. बट धिस?" मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, यू हॅव अ कार्ड. यूज इट."

"तुला काय कळतंय त्यातलं? कार्ड लावलं की नाव वर जातं."

"हू टोल्ड यू?"

"सगळ्यांना माहीत आहे ते."

"हू, बाबा? गिव्ह मी वन नेम."

"फहदभाईचं काय झालं विचार जा," तो खेकसला. पण फहदभाईचं काय झालं हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. फहदभाई गेला एवढंच माहीत होतं, आणि बाकीचं सगळ्यांनी मिळून जुळवलं होतं. ईशानीला रडू फुटलं. ती लहानपणापासून रडताना मात्र मराठीत रडायची. "मला आई पाहिजे बाबा," एवढंच ती म्हणत राहिली.

सोमवारी कँटीनमध्ये सह्या होत्या. टेबलाशी तहा, त्याच्यासमोर जुने व्हिसा रद्द करण्याचे कागद, आणि चाळीसेक माणसांची रांग थेट हात धुवायच्या बेसिनपर्यंत. जो जुन्यावर सही करील त्याचं नाव त्याच दिवशी नव्या कंपनीकडं जाणार होतं. यल्ला, यल्ला, करत तहा माणसं पुढं सरकवत होता. हेमचंद्रचा नंबर आला. त्यानं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "कार्ड कब तक चलेगा?"

"महीने के एंड तक. लेकिन आप साइन करोगे तो आज शाम को खलास. नया वाला आ जाएगा अंकल, एक-डेढ महीना, इन्शाल्ला."

हेमचंद्रनं पेन खाली ठेवलं.

"मेरी वाइफ का ऑपरेशन करना है," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "फेब्रुवारी से तकलीफ है. छुपाके रखा. लीव्ह मिलेगा तब गाँव में करेंगे बोलके बैठे रहे. लीव्ह आप लोगों ने कॅन्सल किया."

इतकी वर्षं जे वाक्य त्यानं दातांखाली धरलं होतं ते कँटीनच्या मधोमध पडलं होतं आणि आता छत कोसळायला हवं होतं. तहानं वर पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी होती, पण ती रागाची नव्हती. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं.

"तो करा लेते ना अंकल. कार्ड किसलिए दिया है?"

"और नाम ऊपर जाता है, उसका क्या?"

"कौन सा नाम? कहाँ ऊपर?"

"क्लेम का. बडा क्लेम किया तो रिन्यूअल में नाम कटता है."

तहा हसला. हसू वाईट नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. "अंकल, क्लेम का तो हमारे पास कुछ आता ही नहीं. कौन बीमार है, किसने क्या कराया, वो इन्शुरन्सवाले जानें. हमको टाइम किधर है देखने का?"

"फहदभाई का कटा था."

"फहदभाई?" तहानं आठवून पाहिलं. "फोर्कलिफ्टवाले? उनकी तो पोस्ट कटी थी. नयी मशीन आयी थी ना उस साल. पाँच लोग गये थे साथ में."

रांगेतून कुणीतरी पुढं आलं. पॅकिंगमधला एक केरळी माणूस शर्टाखालचा हर्नियाचा पट्टा चाचपत होता. त्याच्या मागच्यानं विचारलं, शुगरचं चालतं का कार्डावर? आणखी एकानं विचारलं, हार्टचं? एकेक करून ती सगळी माणसं, ज्यांनी एकमेकांशेजारी बसून रोज डबे खाल्ले होते, ती काय काय अंगात लपवून फिरत होती ते टेबलावर येऊ लागलं. तहा सगळ्यांना हो म्हणत होता. हो, चालतं. हो, तेही चालतं. सही केली तर आज शामपर्यंत. ज्यांनी आधीच सह्या केल्या होत्या ते बेसिनजवळ उभे राहून ऐकत होते.

हेमचंद्रच्या डोक्यात नुसता जाळ झाला. समोर कुणी दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं. त्याची गचांडी धरता आली असती. इथं कुणी त्याला कधी धमकावलं नव्हतं, कुणी त्याच्यावर पाळत ठेवली नव्हती, कुणी त्याच्या बायकोचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याची तेवढी दखलच कुणी घेतली नव्हती. दर तीन वर्षांनी शर्ट बदलायला लावून त्यांनी त्याला इतकं घाबरवून ठेवलं होतं, की पुढचा पहारा तो स्वतःच स्वतःवर देत बसला. आणि त्या पहाऱ्यात उर्मिला रोज चादरी धूत होती. त्याला तहाचा राग आला, कंपनीचा आला, चाळीस माणसांत एकानंही इतक्या वर्षांत सरळ विचारलं नाही म्हणून चाळिसांचा आला, आणि त्या चाळिसांत आपण होतो म्हणून स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला.

"पानी पियो अंकल," तहानं बाटली पुढं केली. "साइन कर दो. मैं नयी कंपनी को बोलता हूँ, आपका कार्ड जल्दी करवा दें."

"नहीं करता."

"लिस्ट आज ही जाएगी. नाम नहीं गया तो महीने के एंड में आपका यहाँ का भी खतम, वहाँ का भी नहीं. इस उमर में फिर कौन लेगा? सोच लो."

"एकोणीस वर्षं सोचलंय," हेमचंद्र म्हणाला. तहाला ते कळलं की नाही याची त्यानं फिकीर केली नाही. तो रांगेतून बाहेर पडला, गेटवर बिल्ला दाखवायला सांगणाऱ्या वॉचमनला आयुष्यात पहिल्यांदा 'देख लो, कल से नहीं दिखाऊँगा' असं सुनावलं आणि टॅक्सीत बसला. कारखान्यातून टॅक्सीनं घरी जाण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढचं सगळं इतक्या भराभर झालं, की त्याचीच त्याला चीड आली. शारजातल्या एका हॉस्पिटलमध्ये उर्मिलाच्या पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. ऑपरेशनला विमा कंपनीची मंजुरी लागणार होती. तिच्यासाठी हेमचंद्र भांडायच्या तयारीनं काउंटरवर गेला, बाह्या सरसावून, आणि काउंटरवरच्या मुलीनं तिच्या हातातला चहा संपायच्या आत सांगितलं, "अप्रूव्ह्ड, सर." त्याला तिच्यावरही ओरडावंसं वाटलं. इतकं सोपं होतं तर मग हे सगळं काय होतं?

महिना संपायच्या आत ऑपरेशन झालं. नव्या कंपनीच्या यादीत त्याचं नाव गेलं नव्हतं; उर्मिलाला मात्र त्यानं हे ऑपरेशन होईपर्यंत सांगितलं नाही. स्टोअरला दुसरा माणूस आला असं कुणीतरी फोनवर सांगितलं. ईशानीनं आईवडिलांना आपल्या व्हिसावर घ्यायची चौकशी केली, पण तिचा पगार त्या नियमात बसत नव्हता. व्हिसाची मुदत संपेपर्यंत दोघांनी राहायचं आणि मग मिरजेला निघायचं, परतीच्या तिकिटाशिवाय, एवढं पुढं ठरलं.

ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरबाई लखनौकडच्या होत्या. त्यांनी हेमचंद्रला आणि ईशानीला बाजूला घेऊन सांगितलं, की पिशवी काढली आहे, पण रोग भिंतीत बराच खोल गेलेला दिसतो, रेडिएशन द्यावं लागेल, रिपोर्ट आल्यावर नक्की सांगता येईल. "पहले आ जाते तो शायद सिर्फ ऑपरेशन से हो जाता. शायद. फेब्रुवारी से ब्लीडिंग थी ना? इतना रुके क्यों?"

"छुट्टी नहीं मिली," हेमचंद्र म्हणाला.

"किसको? आपको?" त्यांनी गोंधळून विचारलं. "पेशंट तो वो हैं."

डॉक्टरबाई गेल्यावर तो कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालू लागला. कुणावर तरी ओरडल्याशिवाय आता जीव राहत नव्हता आणि ओरडावं असं कुणी नव्हतं. नर्सेस गोड बोलत होत्या, एसी छान चालला होता. शेवटी कॉफीच्या मशिननं नाणं गिळलं आणि कप दिला नाही, तेव्हा तो त्या मशिनला मराठीत जे म्हणायचं ते सगळं म्हणाला आणि दोन्ही हातांनी त्याला बडवू लागला. ईशानी धावत आली. तिनं त्याला मागून मिठी मारली आणि तो थकेपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी उर्मिला पुरती शुद्धीवर आली. ओठ सुकले होते. ईशानीनं चमच्यानं पाणी दिलं. उर्मिलानं आधी मुलीला पाहिलं, मग नवऱ्याला शोधलं, आणि त्याला जवळ ये अशी खूण केली. तो वाकला.

"कंपनीला कळलं का हो?" तिनं विचारलं.

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. नाही कळलं म्हणावं आणि विषय संपवावा. पण लपवालपवीची त्याला आता शिसारी आली होती.

"कळलं," तो म्हणाला. "मीच सांगितलं. सगळ्यांसमोर."

तिनं डोळे मिटून घेतले. तिच्या कपाळावरची शीर हलली. "मग? काय म्हणाले?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. त्यांना काही वाटलंच नाही, उर्मिला. कार्ड वापरायचं होतं, म्हणाले. ते कुणी बघत नाही. कधीच बघत नव्हतं."

उर्मिलानं डोळे उघडले. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येत गेलं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, हेमचंद्रचा राग इमारतीत सगळ्यांना पाठ होता, पण तिचा राग त्यानं आजवर पाहिला नव्हता. त्यामुळं ते काय आहे हे ओळखायला त्याला वेळ लागला.

"मेले," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण एकेक अक्षर स्वच्छ होतं. "मी इतके महिने त्यांना भिऊन चादरी धुतल्या."